तू दारात उभी राहणार होतीस

सिंधू, काल तुझी सून माझ्याशी बोलायला आली आणि मी तुझ्याच मोरीत जाऊन आतून कडी लावून बसले.

हस, हस. तुझा हक्कच आहे. तेराव्याची पंगत नुकती उठली होती, बायका पानं गोळा करत होत्या, तुझे यजमान भाऊ ओट्यावर पाहुण्यांना हात जोडत उभे होते. मावी सगळ्यांना चुकवत सरळ माझ्यापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आँटी, यू वेअर विथ हर एव्हरी डे. डिड शी एव्हर टॉक अबाउट मी?" ती माझ्याबद्दल कधी बोलायची का, एवढंच विचारत होती बिचारी. आणि मला ते सगळं कळलं होतं गो, शब्दन्‌शब्द. उत्तरही मलाच ठाऊक होतं, दुसऱ्या कुणालाच नव्हतं. पण तोंडातून निघालं काय, तर "यस, यस, व्हेरी यस." मग मी पोटावर हात ठेवून कळ आल्याचं नाटक केलं आणि मोरीत पळाले. तिथं पालथ्या बादलीवर बसून मी वाक्य जुळवत राहिले. क्रियापद कुठलं घेऊ, काळ कुठला लावू. बाहेर कुणीतरी म्हणालं, "कुंदाताईंना सांगा ना, त्यांना येतं की फाडफाड इंग्लिश." जळ्ळं मेलं ते इंग्लिश.

तुला तरी माहीत होतं का, की मला बोलता येत नाही? मला वाटतं, तू ओळखलं होतंस आणि माझी लाज राखलीस. सिल्वासाच्या कचेरीत मी उभं आयुष्य इंग्रजीत कागद लिहिले. वरचा मसुदा खाली आणला, खालचा वर पाठवला, दुसऱ्यांच्या वाक्यांवर लाल रेघा ओढल्या. पण बोलायची वेळ आली की आमच्याकडे सगळं हिंदी-गुजरातीत चालायचं. साहेब इंग्रजीत काही बोलले तर मी "येस सर" म्हणून फाइल घेऊन बाहेर. माझं इंग्रजी सगळं हातात होतं, जिभेवर कधी आलंच नाही. टोकरखाड्याच्या आपल्या कॉलनीत मात्र मी इंग्रजीवाली बाई. तो तोरा मीही कधी उतरवला नाही.

म्हणून तर तू माझ्याकडे आलीस. नाहीतर कशाला आली असतीस?

तुझ्या निलेशनं बंगळुरात रजिस्टर लग्न केलं, मुलगी मिझोरामची, तिला मराठी नाही आणि हिंदी बाजारापुरतं, हे कळल्यावर तू दोन घास कमी खाल्लेस, पण आदळआपट केली नाहीस. ते दोघं पहिल्यांदा येणार त्या दिवशी सकाळपासून तुझ्या घरात वरण-बट्टीचा घमघमाट. उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलेलं, ताटात निरांजन. मीही मदतीला होते. वापीहून रिक्षा आली, दाराशी थांबली, आणि तू ताट माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात गेलीस ती गेलीसच. भाऊ हाका मारून थकले. शेवटी मीच तिला ओवाळलं, तिनं माप ओलांडलं. मग ती तुझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी आली, थोडा वेळ चौकटीला धरून उभी राहिली. तू पाठ करून वरण ढवळत होतीस. ते वरण केव्हाच झालं होतं, गॅससुद्धा बंद होता, मला दिसत होतं. ती तशीच मागे फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघून गेले. त्यानंतर निलेश एकटाच यायचा.

कॉलनीत सगळ्यांनी धरलं की सिंधूबाईंना परजातीची सून चालली नाही. मीसुद्धा तेच धरलं. मनात म्हटलंही, बाणेदार आहे हो बाई.

आणि मग एका दुपारी तू आलीस, पदरानं हात पुसत, माझ्या दारातच उभी राहून म्हणालीस, "कुंदाताई, मले इंग्रजी शिकवा."

"आता? या वयात? कशाला गो?"

"सुनेले सांगायचं आहे. मले राग नव्हता आला व माय. मले भेव वाटलं. तिनं काही इचारलं आन मले समजलंच नाही तं? तोंड उघडलं आन चुकलं तं? पोराच्या देखत ती हसली तं? म्हनून मी आत जाऊन बसली. लाज वाटली, दुसरं काही नाही. आन ती समजली की मले ती नको."

मी म्हटलं, "मग निलेशला सांग. तो सांगेल तिला."

"त्याच्या तोंडून गेलं तं तिले वाटेल, पोरगा आईची बाजू सावरून राहिला. नाही, कुंदाताई. माझ्या तोंडानं चुकलं नाही, माझ्या न बोलन्यानं चुकलं. मीच बोलेन."

एवढं स्वच्छ तू त्या दिवशी बोललीस. त्यात दुरुस्त करण्यासारखं काय होतं? पण मी शिकवायला बसले ना.

जागा तू ठरवलीस, तुझं स्वयंपाकघर. म्हणालीस, इथंच बिघडलं, इथंच नीट करू. भाऊ खडोलीला कंपनीत पहिल्या पाळीला असले की दुपारी मी यायची. तू खाली बसून लसूण सोलायचीस नाहीतर शेंगा निवडायचीस, मी स्टुलावर. कोपऱ्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला की शाळा बंद. भाऊंना कळू द्यायचं नव्हतं. कळलं तर कौतुकानं सगळ्या लाइनीत सांगत सुटतील, म्हणायचीस.

पद्धत मात्र माझी. आमचे हेडक्लार्क आमच्याशी करायचे तीच. तू बोलायचं, मी ऐकायचं, चूक झाली की मी बोट वर करायचं. बोट वर झालं की तू थांबायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. कुठं चुकलं ते मी सांगायची नाही, तुझं तू शोधायचं. कागद-पेन काही नाही, कारण तुला लिहिण्याचाही धसका होता. तू एखाद्या पोरीसारखी माझ्या बोटाकडे बघत बघत बोलायचीस. मला ते आवडायचं, सिंधू. आता हे सांगताना कानशिलं गरम होतात, पण आवडायचं.

पहिल्या काही दिवसांतच तू तुझं तू जुळवून आणलंस. अजून पाठ आहे मला. "आय वॉज इन किचन. आय वॉज नॉट अँग्री. आय वॉज फिअर. यू कम अगेन. आय विल स्टँड इन डोअर." मी स्वयंपाकघरात होते. रागावले नव्हते. भ्याले होते. तू परत ये. मी दारात उभी राहीन.

यातलं काय कळलं नसतं त्या पोरीला? शेंबड्या पोराला कळलं असतं. आणि मी बोट वर केलं. एकेका वाक्याला बोट. तू पुन्हा पहिल्यापासून. किचनपाशी चुकलीस, बोट. फिअरपाशी चुकलीस, बोट. दारापाशी पोचायचीस तोवर दमून जायचीस.

बरं, तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मला वाटलं, असं रोखठोक बरं दिसत नाही, जरा भारदस्त पाहिजे. मी तुला माझ्या कचेरीतलं वाक्य दिलं, झालेल्या गैरसोयीबद्दल मनःपूर्वक खेद वाटतो, असलं काहीतरी. तू दोनदा "रिग्रेट, रिग्रेट" असं घोळवलंस आणि विचारलंस, "म्हंजे काय?"

"खेद वाटतो."

"खेद तुमच्या हापिसात वाटतो, कुंदाताई. मले लाज वाटली होती."

मी चिडले. म्हटलं, शिकायचंय तर ऐक, नाहीतर मी चालले घरी. तू लगेच लसणाची पाटी बाजूला सारून माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास. "चिडू नका ना. पुन्हा सांगा, मी घोकते." मी चिडले की तू नमतं घ्यायचीस, आणि मी तेही गुरुदक्षिणा समजून घ्यायची.

मग म्हणींचं आणि वाक्प्रचारांचं खूळ. फोनवर रोज एक यायचा, तो मी तुझ्या माथी मारायची. खऱ्या इंग्रजी माणसांसारखं बोलायचं तर हे यायलाच हवं, म्हणे. 'ब्रेक द आइस' शिकवला, तर तू म्हणालीस, "बर्फ फोडायचा कशाले? जरा बाहेर ठेवला तं आपोआप पानी होते." 'पीस ऑफ केक' म्हणजे अगदी सोपं काम, हे सांगितल्यावर तू गॅसवरच्या बट्ट्यांकडे बघून म्हणालीस की केक ज्यानं केला असेल त्याले इचारा सोपा का अवघड. मी मनातून हसले, पण चेहरा कडक ठेवला. आणि तो कुऱ्हाडीचा. 'बरी द हॅचेट', कुऱ्हाड पुरून टाकू, म्हणजे भांडण मिटवू. मी मोठ्या दिमाखात म्हटलं, हे वाक्य तिला म्हण, तिला कळेल सासूबाई किती शिकल्यात.

तू शेंगांची पाटी मांडीवर घेतलीस. मग म्हणालीस, "पन आमचं भांडन झालंच नाही. कुऱ्हाड आनू कुठून पुराले? मी तं उलथनं घेऊन उभी होती."

त्यावर आपण दोघी इतक्या हसलो की शेंगा सांडल्या. पण वाद तिथं मिटला नाही. तू म्हणत राहिलीस की तुमच्या इंग्रजीत माझं काही राहत नाही, आणि मी म्हणत राहिले की चुकीचं बोलण्यापेक्षा न बोललेलं बरं. तुझं म्हणणं खरं होतं. मला हे तुझ्या तोंडावर सांगायचं होतं, आता कुणाला सांगू?

आणि तो रविवार. दर रविवारी निलेशचा व्हिडिओ कॉल यायचा. भाऊ बोलायचे, मग फोन तुझ्याकडे, मावी पडद्यावर आली की तू "हाउ आर यू, खाना खाया?" एवढं म्हणून फोन परत भाऊंकडे. त्या रविवारी मी सहज बसले होते तुझ्याकडे. भाऊ चहाची पावडर आणायला गेले आणि तू फोन दोन्ही हातांनी धरलास. माझ्याकडे बघितलंस. आज बोलते, असं डोळ्यांनी म्हणालीस. मी मान हलवली. तू घसा साफ केलास. "मावी," म्हणालीस, "आय वॉज इन किचन. आय वॉज नॉट अँग्री. आय वॉज फि..."

आणि माझं बोट वर गेलं.

सवयीनं गेलं गो. देवाशपथ सवयीनं. तू थांबलीस. तू शहाण्या मुलीसारखी थांबलीस, कारण तुला तसंच शिकवलं होतं. पडद्यावर मावी "येस? येस, आई?" म्हणत वाकून बघत होती. तू माझ्या बोटाकडे बघितलंस, हसलीस, आणि तिला म्हणालीस, "नेक्स्ट संडे." तेवढ्यात भाऊ आले, फोन त्यांच्याकडे गेला. नंतर तू माझ्यावर चिडलीही नाहीस. म्हणालीस, "ह्या आठवड्यात पक्कं करू."

पुढचा रविवार काही तुला मिळाला नाही. त्याच आठवड्यात एका दुपारी, भाऊंची पाळी सुटायच्या आधी, तुझ्या छातीत कळ आली. मी नेहमीप्रमाणे आले तेव्हा दार लोटलेलं होतं आणि तू गॅसच्या ओट्याला टेकून खाली बसली होतीस. शेजारची माणसं बोलावली, गाडी आली, पण दवाखान्यापर्यंत तू राहिली नाहीस. गाडीत तू माझा हात धरला होतास. तू काही बोलायला गेलीस आणि मी म्हटलं, बोलू नको, दमशील. शेवटचंसुद्धा मी तुला गप्पच केलं.

तुला आठवतं, आमचे हे गेले तेव्हा? अख्खी कॉलनी समजूत घालून गेली, जन्ममृत्यूवर व्याख्यानं देऊन गेली. तू काही म्हणजे काही बोलली नाहीस. सकाळी डबा घेऊन यायचीस, माझ्यासमोर बसून मला जेवायला लावायचीस, ताट धुवायचीस, जायचीस. रात्री उशी घेऊन यायचीस झोपायला. एकदा मी विचारलं, तू गप्प का असतेस, तर म्हणालीस, मले चांगलं बोलता येत नाही ना. तुझ्या त्या गप्प बसण्यावर मी तगले. आणि तुझ्या घरी दुःख आलं तेव्हा मी काय केलं? मोरीत बसले.

कडी लावून बसल्यावर खरं काय ते माझ्या ध्यानात आलं. बोट सवयीनं गेलं, हे अर्धंच खरं आहे. निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारत नव्हतं. सिल्वासात मी आले ती नोकरीसाठी, नोकरी सुटली, हे गेले, मागं राहिलं काय? तू मला पुन्हा स्टुलावर बसवलंस. तुझं ते वाक्य एकदा पुरं झालं असतं, मावीपर्यंत पोचलं असतं, तर ती आली असती, दारात तू उभी राहिली असतीस, आणि माझ्या दुपारी संपल्या असत्या. तुझा मसुदा मी खाली-वर फिरवत ठेवला. तो पास करायचा नव्हता मला. किती हलकट असावं माणसानं, सिंधू? शरमेनं मान वर होत नाही.

रात्र तळमळण्यात गेली. सकाळी दहाला त्यांची वापीहून गाडी. आता ती पुन्हा कशाला येईल? सासू नाही, शब्द नाही. मनात एवढंच घेऊन जाईल की या घरातल्या बाईनं आपल्याला तोंड दाखवलं नाही. तुझे शब्द माझ्यापाशी पडलेले, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटलेली. अजून एकदा मोरीत बसायची सोय होती. पण चपला घातल्या आणि आले.

निलेश बाहेर गाडीत बॅगा चढवत होता. भाऊ ओट्यावर बसले होते. दुःखाच्या घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत, घरचेही 'ये' म्हणत नाहीत, हे मावीला कुणीतरी आधीच समजावलेलं दिसलं. ती भाऊंच्या पाया पडायला बाहेर निघाली होती, तोंडातून अक्षर नाही. आणि मी, जाडजूड बाई, तुझ्या दारात चौकटीला हात लावून उभी. तिला बाहेर पडायला वाटच ठेवली नाही.

साहेब रजेवर असले की त्यांच्याकरिता म्हणून आम्ही सही करायचो. म्हटलं, तसंच. माझं इंग्रजी नकोच, ते माझ्या कपाटात राहू दे.

"मावी," मी म्हटलं. "आई सेड. आय वॉज इन किचन. आय वॉज नॉट अँग्री. आय वॉज फिअर. यू कम अगेन. आय विल स्टँड इन डोअर."

तुझ्या सगळ्या चुका जशाच्या तशा ठेवल्या. एकसुद्धा दुरुस्त केली नाही. शेवटच्या वाक्याला मी दारातच उभी होते, त्यामुळे समजावायची गरजही पडली नाही. भाऊंनी मान वर करून बघितलं. त्यांना इंग्रजी काय कळलं कुणास ठाऊक, पण ते वाक्य तुझं आहे हे कळलं. दुपारी बस हॉर्न न वाजवता आली की ते बाहेर थांबून ऐकायचे, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. तू लपवत होतीस आणि ते लपवू देत होते.

मावीचा चेहरा आधी कोरा झाला. "अफ्रेड?" ती म्हणाली. "ऑफ मी?" मी मान हलवली. तिनं बॅग खाली ठेवली आणि भिंतीला टेकून रडली, लहान पोरीसारखी, नाक ओढत. मग थांबत थांबत तिनं जे सांगितलं ते तुला ऐकायला मिळायला हवं होतं. त्या पहिल्या वेळी ट्रेनमध्ये तिनं निलेशकडून एक मराठी वाक्य शिकून घेतलं होतं. तुला म्हणायला. सबंध प्रवासभर घोकलं होतं. ते घेऊनच ती तुझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी आली होती. पण तुझी पाठ बघितली आणि तिला वाटलं, आपलं चुकलं तर ही बाई आणखी चिडेल. म्हणून गिळून टाकलं.

तुम्ही दोघी, सिंधू. एक चौकटीच्या आत, एक बाहेर.

मी विचारलं, "विच? विच सेन्टेन्स?" असं पहिल्यांदाच मी इंग्रजीत कुणाला काही विचारलं, आणि मला लाजायला सवडच झाली नाही. मावीनं डोळे पुसले. माझ्याकडे बघितलं नाही. वळून आत गेली, स्वयंपाकघराच्या त्याच चौकटीपाशी, तशीच चौकट धरून उभी राहिली. आत तुझा गॅस, तुझं उलथनं, माझं स्टूल.

"आई," ती म्हणाली, "मी आत येतो?"

माझं बोट वर गेलं नाही. त्या हातात पदर होता, डोळ्याला लावलेला. दुःखाच्या घरात काय म्हणायचं नसतं ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि तू असतीस तर काय म्हटलं असतंस तेही.

"ये गो," तुझ्याकरिता मी म्हटलं. "ये, आत ये."

बाहेर निलेश हॉर्न वाजवत होता. भाऊंनी हात वर करून त्याला थांबवलं.